घरची म्हणून औषध नव्हे!

रात्री दीडच्या सुमारास दवाखान्याचे दार कोणी ठोठावले, तर डॉक्टरच्या घरातील माणसेही आता विचारीत नाहीत. ती मुकाट्याने दिवा लावतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री एका निवृत्त गुरुजींना त्यांचा मुलगा आणि शेजारी रिक्षातून घेऊन आले. अंगावरचा सदरा घामाने ओलाचिंब, हातपाय गार, बोलणे असंबद्ध. मुलाने मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात सांगितले, "डॉक्टर, थोडी घेतली आहे त्यांनी. घरातलीच आहे. जास्त झाली असावी."

मी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ती अवघी ३८ होती. शिरेतून ग्लुकोज सुरू केल्यावर दहा मिनिटांनी गुरुजींनी डोळे उघडले आणि "मला इथं कशाला आणलं?" म्हणून विचारले. जिवावरचे दुखणे टळले. परंतु मधुमेहाच्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत त्यांना ठेवून घ्यावे लागले.

सकाळी काकींनी सगळी हकिकत सांगितली. संध्याकाळी जुने सहकारी आले होते. गप्पांच्या भरात जेवण राहिले. गोळी मात्र नेमाने घेतली होती. गुरुजींनी स्वतः केलेली द्राक्षांची वाईन दोन पेले झाली. पाहुणे गेल्यावर "आता भूक नाही" म्हणून ते तसेच झोपले. मध्यरात्री ते बडबडू लागले तेव्हा काकींना वाटले, चढली असेल. त्यांनी लिंबूपाणी करून दिले; मात्र साखरेचा आजार म्हणून त्यात साखर घातली नाही! बाईंची चूक कशी म्हणावी? साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस वरवर अगदी सारखे दिसतात. तोंडाला वास येत असेल तर कसलेला माणूसही फसतो.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट पुढेच आहे. हे गुरुजी माझे आठ वर्षांचे रुग्ण. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारले होते, "दारू घेता का?" त्यांनी "छे, छे!" म्हटले होते आणि तसे कार्डावर लिहिलेलेही आहे. मी तेच कार्ड त्यांच्यापुढे धरले. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, मी खोटं बोललो नाही. दारूच्या दुकानाची पायरी मी आजवर चढलेलो नाही. ही घरची. द्राक्षं मेहुण्याच्या बागेतली, बरणी आमच्या आईची. हिला दारू कसं म्हणू?"

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. घरी केलेल्या पेयाने जे नुकसान होते, त्यातील बरेचसे त्या बरणीतून येत नाही. ते 'घरची' या शब्दातून येते. घरची म्हटली की ती कोणी मोजत नाही, आणि कोणी डॉक्टरला सांगत नाही.

हा छंद आला कोठून?

आंबवणे आपल्याला नवे नाही. इडलीचे पीठ, ताक, उन्हाळ्यातील आंबील यांवर आपली पोटे पोसली आहेत. कोल्हापूरला रेणुकादेवीच्या आंबील यात्रेत तर आंबील हाच नैवेद्य असतो. तसेच इंग्लंडातील शेतकरी पूर्वी बार्लीची 'एल' आणि सफरचंदाची 'सायडर' घरोघर करीत. बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. ही एल करण्याची पहिली पायरी आणि आपल्या नाचणीच्या सत्त्वाची पहिली पायरी एकच. मोड आले की धान्यातील पिठाची साखर होऊ लागते. आपण तेथे थांबतो आणि ते पीठ बाळाला पाजतो. ते पुढे जाऊन त्यात यीस्ट घालतात. हा अतिसूक्ष्म जीव साखर खातो आणि अल्कोहोल व कर्बवायू बाहेर टाकतो. द्राक्षांची वाईन असो, सायडर असो वा एल, कारखाना एकच आणि कामगारही एकच.

इंग्लंडात घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत असे. तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. तेव्हापासून तिकडे हा एक मोठा छंद झाला. आता मोबाईलवर सर्व काही दिसते, यीस्टची पुडी टपालाने घरी येते. आपल्याकडे सफरचंदे पिकत नाहीत, पण तासगाव-पलूसची द्राक्षे आहेत, जांभळे आहेत, मध आहे, आणि गुळाला तर तोटाच नाही. त्यामुळे जयसिंगपूर-सांगली पट्ट्यातील काही हौशी घरांत अशा बरण्या बुडबुडू लागल्या आहेत. ही माणसे व्यसनी नसतात. बहुधा निवृत्त, शिकलेली, हाताला काहीतरी उद्योग हवा असलेली असतात. त्यांना मी हातभट्टीवाल्यांच्या रांगेत बसवणार नाही. तसे करणे अन्यायाचे होईल, आणि त्याचा उपयोगही होणार नाही.

हातभट्टी वेगळी, बरणी वेगळी

दारूकांड म्हटले की आपल्याला मुंबईतील मालवणी आठवते. जून २०१५ मध्ये तेथे विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. हे मिथेनॉल कारखान्यात वापरायचे रसायन आहे. ते शरीरात गेल्यावर त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. फळे आंबताना मिथेनॉल तयार होते, पण ते अगदी किंचित. बरणीतील वाईन पिऊन कोणी त्याने आंधळा होत नाही.

परंतु दोन ठिकाणी हौशी माणूस रेषा ओलांडतो. एक, बरणीतील पेय "जरा जोरकस व्हावे" म्हणून बाहेरून स्पिरिट आणून त्यात मिसळणे. ते स्पिरिट कसले, हे सांगणारा कोणी नसतो. दुसरे, आंबवलेला रस चुलीवर चढवून त्याची वाफ धरणे. या दोन्ही गोष्टी छंदात बसत नाहीत. येथे जिवाशी खेळ आहे. कोणतीही दारू प्यायल्यावर बारा ते चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे वाटले, पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, धाप लागली, तर "उतरेल" म्हणून वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि काय प्यायलात ते स्पष्ट सांगा. या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच कामाचा.

पेला किती मोठा?

आता मोजण्याकडे येऊ. आपल्या भागातील शेतकऱ्याला हिशेब शिकवायला नको. उसाचा साखर उतारा अर्धा टक्का कमी दाखवला, तर आपण कारखान्याच्या दारात बसतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उताऱ्याच्या टक्क्यांवर केवढी भाषणे होतात! डेअरीत दुधाची फॅट एका दशांशाने घसरली तरी आपण मान वर करून विचारतो. आणि हाच माणूस घरच्या बरणीतून पेला भरताना टक्का विचारीत नाही.

गोड द्राक्षाच्या एक लिटर रसात साधारण दोनशे ग्रॅम साखर असते. ती पुरती आंबली की अकरा-बारा टक्के अल्कोहोल होते. वरून गूळ किंवा साखर घातली तर आणखी वाढते. आपल्या घरातला स्टीलचा पेला दोनशे मिलिलिटरचा. म्हणजे एका पेल्यात सुमारे अठरा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आले. दुकानातील व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये ते दहा ग्रॅम असते. थोडक्यात, गुरुजींनी त्या रात्री दोन पेले "द्राक्षाचा रस" घेतला नव्हता. जवळजवळ चार पेग घेतले होते, तेही उपाशीपोटी आणि मधुमेहाची गोळी घेऊन.

अल्कोहोल पोटात असताना यकृत त्याचा निचरा करण्यात गुंतते आणि रक्तात नवी साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. एकीकडे गोळी साखर उतरवते आहे, दुसरीकडे यकृताने कोठाराला कुलूप लावले आहे, आणि पोटात अन्न नाही. मग झोपेत साखर घसरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. झोपेच्या गोळ्या, फेफऱ्याची औषधे, मानसिक आजारावरील औषधे यांच्याबरोबर अल्कोहोल गेले तर गुंगी दुपटीने वाढते. ज्यांचे यकृत आधीच सुजलेले किंवा चरबीने भरलेले आहे, त्यांना तर घरची काय आणि दुकानची काय, एकच.

आसवाचा दाखला

यावर हमखास येणारा मुद्दा असा, की आपल्या आयुर्वेदात द्राक्षासव आहे, दशमूलारिष्ट आहे, मग वाईन वाईट कशी? मुद्दा चांगला आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. आसव-अरिष्टे खरोखरच आंबवून करतात. गूळ, काढा आणि धायटीची फुले घालून भांडे बंद करून ठेवतात. त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, आणि बाटलीवर ते छापलेलेही असते.

पण वैद्य ते किती देतात? तीन-चार चमचे, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर, ठरावीक दिवस. त्यातून पोटात जाणारे अल्कोहोल दोन मिलिलिटरच्या आसपास भरते. गुरुजींच्या एका पेल्यात ते तेवीस मिलिलिटर होते. ज्या वैद्यांनी आसव शोधले, त्यांनी त्याबरोबर चमचाही दिला. आपण आसवाचे नाव घेतो आणि चमचा फेकून देतो.

रेड वाईन हृदयाला बरी, असे एकेकाळी वर्तमानपत्रांतून फार वाचले जाई. ते आता मागे पडले आहे. अल्कोहोलयुक्त पेयांनी कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले, की आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक असे अल्कोहोलचे प्रमाणच नाही. जेवढे कमी तेवढा धोका कमी, एवढेच म्हणता येते. तेव्हा कोणी हौस म्हणून घेत असेल तर हौस म्हणावे. औषध म्हणू नये. बाळंतिणीला, गरोदर बाईला, सर्दी झालेल्या मुलाला "घरचीच आहे, चमचाभर दे" असे तर कदापि करू नये.

भांड्याचे पाप

पेयात दोष नसला तरी भांड्यात असू शकतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, हात लुळे पडत. लोक म्हणत, सफरचंदे आंबट आहेत म्हणून. १७६७ साली डॉ. जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिले, की हे शिशाचे विष आहे. सफरचंदे पिळण्याच्या यंत्रात शिसे वापरलेले होते, आणि आंबट रस ते विरघळवून घेत होता. रसही घरचाच, यंत्रही घरचेच, आणि विषही घरचेच!

आपल्या आजीला हे पुस्तकाशिवाय माहीत होते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, ते पिऊ नये, हे तिने आपल्याला लहानपणी शिकवले. पण आज मळ्यावर औषध फवारणीचे रिकामे कॅन धुऊन त्यात काहीही भरून ठेवण्याची रीत पडली आहे. त्या कॅनमध्ये पाणीसुद्धा भरू नये, मग आठवडेच्या आठवडे आंबट रस मुरवणे दूरच. बागेत शेवटची फवारणी कधी झाली, हेही न विचारता द्राक्षे तशीच चिरडली जातात.

दुसरा धोका वायूचा. एक लिटर द्राक्षरस पुरता आंबला तर जवळजवळ पन्नास लिटर कर्बवायू निघतो. त्याला वाट नसेल तर तो बाटली फोडतो. इंग्लंडातील तळघराच्या गारव्यात जे हळूहळू होते, ते आपल्या चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात झपाट्याने होते. काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर कोणत्या छंदाने तो डोळा परत येणार? शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साठतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवात माणूस एकदम उतरत नसे. आधी पेव उघडे ठेवीत, दिवा सोडून पाहत, मगच उतरत. बंद माळ्यावर पाच-सहा पिंपे आंबत ठेवणाऱ्याने हे शहाणपण आठवावे.

कायदा आणि कुजबुज

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणे गुन्हा आहे. "विकत नाही, घरापुरतीच करतो" ही सबब त्यात चालत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला साधा आहे: करू नका.

इंग्लंड-अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे मोकळीक असावी की नसावी, हा विधिमंडळाचा प्रश्न आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी रोज पाहतो, आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी मतदान करून बाटली का आडवी केली तेही जाणतो. त्यामुळे मोकळीक मागणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. परंतु डॉक्टर म्हणून मला कुजबुजीचीही भीती वाटते. जी गोष्ट चोरून होते तिचा टक्का कोणी मोजत नाही, तिचे भांडे कोणी तपासत नाही, आणि दुखणे आले की तिचे नाव कोणी घेत नाही. गुरुजी माझ्याशी खोटे बोलले नाहीत, हे मला पटले आहे. पण खरे मला कळले नाही, हेही तितकेच खरे. आणि यात माझीही चूक आहे. मी प्रश्नच अपुरा विचारला होता.

म्हणून आता मी प्रत्येक रुग्णाला विचारतो, "घरी काही आंबवून पिता का? ताडी, वाईन, गुळाचे, मोहाचे, काहीही?" सुरुवातीला लोक चपापतात, मग हसतात, आणि पाच-दहा जणांमागे एखादा तरी "हो" म्हणतो. माझ्या व्यवसायबंधूंनीही हा प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. आणि वाचकहो, तुमच्या डॉक्टरने नाही विचारले तरी तुम्ही सांगा. डॉक्टर पोलीस नव्हे. तुमचे पेय तुमच्या गोळीशी भांडणार की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते.

घरच्या माणसांसाठी एक सूचना कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे. मधुमेहाचा रुग्ण घामाघूम झाला, बरळू लागला, तर तोंडाला वास येवो वा न येवो, आधी साखर उतरली आहे असेच धरा. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखाना गाठा. साखर थोडी वाढली तर ती उद्या उतरवता येते. उतरलेली साखर उद्यापर्यंत थांबत नाही.

आणि ज्यांच्या हाताला खरोखर आंबवण्याचा नाद आहे, त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. नाचणीला मोड आणून उत्तम सत्त्व करा. ज्वारीची आंबील रोज वेगळ्या ताकात लावून पाहा. गाजराची कांजी करा. यातही बुडबुडे आहेत, वास आहे, वाट पाहणे आहे, आणि जमले की शेजाऱ्याला वाटी नेऊन देण्याचा आनंद आहे. ती वाटी नातवालाही देता येते.

गुरुजी परवा तपासणीला आले होते. त्यांच्या कार्डावरील जुनी ओळ मी त्यांच्यादेखत खोडली आणि खरी लिहिली. ते काहीसे ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, आता त्या बरणीत काकी लिंबाचं लोणचं घालणार आहेत." मी म्हटले, "उत्तम! मात्र तेही मोजून खा. तुमचे ब्लडप्रेशर वाढलेले आहे."